फ्लॅटमध्ये कटाना, वाडीत ब्लूज ज्युनियर

माझ्याकडे गिटारचा आवाज मोठा करणारे दोन अ‍ॅम्प आहेत आणि दोघांची घरं वेगळी आहेत. वसई रोडच्या फ्लॅटमध्ये बॉस कटाना ५०, मार्क टू; हा मॉडेलिंगवाला, म्हणजे ट्यूबसारखा आवाज डिजिटल गणिताने घडवणारा. भुईगावच्या वाडीत, माहेरी, पपांच्या खोलीत, फेंडर ब्लूज ज्युनियर फोर; हा ट्यूबवाला. गिटार एकच, यामाहा पॅसिफिका. ती माझ्या पाठीवर बसून स्कूटरवरून ये-जा करते.

आमच्या गायनमंडळातली मुलं नाताळ जवळ आला की विचारतात, "ताई, मॉडेलिंग घेऊ की ट्यूब?" दोन्ही तीन वर्षं वाजवल्यावर मी त्यांना उलट एवढंच विचारते: वाजवणार कुठे, आणि किती मोठ्याने?

पपांचा व्हॉल्व्हचा रेडिओ अजून कपाटावर आहे. ब्लूज ज्युनियर पहिल्यांदा लावला तेव्हा बटण दाबून मी लगेच तारा छेडायला लागले, तर पपा म्हणाले, "थांब गं, तापू दे आधी." ट्यूब म्हणजे तोच व्हॉल्व्ह. काचेच्या आत तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, प्लेटकडे धावतात, आणि मधल्या जाळीवर गिटारचा बारीकसा सिग्नल त्यांना कमी-जास्त सोडत राहतो. या अ‍ॅम्पमध्ये पुढच्या भागात तीन छोट्या १२एएक्स७ ट्यूब आणि पॉवरसाठी दोन ईएल८४ ट्यूब आहेत. १५ वॅट, १२ इंची एक स्पीकर आणि खऱ्या स्प्रिंगांचा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. अ‍ॅम्पला धक्का लागला तर आतल्या स्प्रिंगा अशा झणझणतात की मांडवातला कुत्रा उठून जातो.

ट्यूबच्या गोडव्याचं श्रेय सगळे सम हार्मोनिक्सना, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, चौपट कंपनांच्या उपस्वरांना देतात. ते अर्धंच खरं आहे. पुढच्या छोट्या ट्यूबमध्ये ते तयार होतात, पण दोन ईएल८४ पुश-पुल पद्धतीने, म्हणजे एकमेकींच्या उलट दिशेने काम करतील अशा, जोडलेल्या असतात आणि त्या जोडणीत पॉवर ट्यूबनी स्वतः तयार केलेले सम हार्मोनिक्स बरेचसे एकमेकांना खोडतात. मला जे आवडतं ते वेगळंच आहे. ट्यूबवर ताण येतो तशी लाटेची टोकं एकदम कापली जात नाहीत, हळूहळू गोल होत जातात. त्यामुळे साफ आवाज आणि गुरगुर यांच्यामध्ये मोठी जागा उरते, आणि त्या जागेत कुठे उभं राहायचं ते माझा उजवा हात ठरवतो. वाडीत मी व्हॉल्यूम सातवर ठेवते. हलकं वाजवलं की स्वच्छ, जोर लावला की अ‍ॅम्प दात दाखवतो. गिटारचा नॉब थोडा मागे घेतला की पुन्हा शांत. अख्खं गाणं होतं, अ‍ॅम्पला हात लावावा लागत नाही.

पण हे सातवर. मास्टर, म्हणजे शेवटचा एकूण आवाज ठरवणारा नॉब, खाली ओढून आवाज लहान केला की पुढच्या ट्यूब गुरगुरतात, पॉवरच्या ट्यूब मात्र झोपलेल्या राहतात, आणि आवाज पातळ, किरकिरा होतो. वाडीत केळींच्या पलीकडचं घर लांब आहे. फ्लॅटमध्ये भिंतीपलीकडे शेजारच्या आजी झोपलेल्या असतात.

१५ वॅट ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून थोडा हिशेब सांगते. गिटारचे १२ इंची स्पीकर एका वॅटला एक मीटरवर साधारण ९७ ते १०० डेसिबल देतात. म्हणजे अर्धा वॅटसुद्धा मिक्सर-ग्राइंडरपेक्षा मोठा. १५ वॅटवरून ५० वर गेलं तर फक्त पाच डेसिबल वाढतात. "घरासाठी १५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प पुरे" असं कुणी म्हणालं तर त्याचं घर बंगला आहे का, ते विचारा.

कटाना इथे जिंकतो. त्याच्यावर ०.५, २५ आणि ५० वॅट निवडायचा नॉब आहे. अर्ध्या वॅटवर ठेवून मास्टर आणखी खाली घेतला तरी क्रंचचा, म्हणजे हलक्या गुरगुरीचा, पोत टिकतो, कारण तो पोत गणिताने तयार होतो; कुठली ट्यूब ताणावी लागत नाही. पुढचा भाग डिजिटल, पॉवरचा भाग अ‍ॅनालॉग. रात्री साडेनऊला चर्चगेटहून विरार लोकलने येऊन, जेवण उरकून, मुलगा झोपल्यावर मी हेडफोन लावून अर्धा तास वाजवते. ट्यूब अ‍ॅम्पवर अवलंबून असते तर मी या तीन वर्षांत आठवड्यातून एकदाच वाजवलं असतं. त्याच्या आवाजाच्या पाच प्रकारांपैकी क्लीन उत्तम, क्रंच माझा नेहमीचा, लीड कामापुरता. ब्राउन माझ्या पॅसिफिकाला फार जाड पडतो. अकूस्टिक चर्चमध्ये उपयोगी येतो.

कॉलेजात मैत्रिणीकडे लाल पॉड होता, लाइन सिक्स कंपनीने १९९८ मध्ये आणलेला मॉडेलिंगचा डबा. त्याच्या डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गुरगुरीत, वर एक सतत सूं-सूं असायची. आताच्या मॉडेलिंगमधून ती सूं-सूं गेली आहे. फेंडरने स्वतः २०१९ मध्ये आपल्या डीलक्स रिव्हर्बचा डिजिटल अवतार, टोन मास्टर, काढला. ट्यूबवाला १९ किलोचा, हा साडेदहा किलोच्या आसपास. ट्यूबवर नाव कमावलेली कंपनी हे करते, तेव्हा मॉडेलिंग म्हणजे नवशिक्यांचं खेळणं हा वाद माझ्यापुरता संपतो.

मग कटानात खोट कुठे? त्याने मला एका लग्नात शिकवलं. मोकळ्या मैदानात मांडव, सहा जणांचा बँड. मी घरी हेडफोनवर तासन्‌तास घडवलेला आवाज ५० वॅटवर लावला, आणि बेस गिटार व ड्रमच्या खाली माझी गिटार गडप झाली. नुसती घुमत होती. कारण कानातच आहे. हळू आवाजात आपल्याला खर्ज आणि तार कमी ऐकू येतात, म्हणून घरी आपण ते वाढवून ठेवतो. आवाज वाढला की तेच अंगावर येतं. दुसऱ्या गाण्याआधी बेसचा नॉब निम्म्यावर आणला, मिडल वर केला, रिव्हर्ब जवळजवळ बंद, तेव्हा कुठे गिटार वर आली. आता कार्यक्रमाचे सेटिंग मी वाडीतच, खऱ्या आवाजात बनवते आणि वेगळे साठवते. ट्यूबवर ही चूक झालीच नसती. तो मोठ्यानेच ऐकत ऐकत लावावा लागतो.

ट्यूबचा त्रास वेगळा. रिक्षातून, खड्ड्यांतून साखरपुड्याला नेला, आणि वाजवताना प्रत्येक सुरामागे काचेची किणकिण. पेन्सिलीने एकेका ट्यूबवर हळूच टिचकी मारली. पहिली १२एएक्स७ स्पीकरमधून टणटणली. पिशवीतली दुसरी लावली, काम झालं. एक १२एएक्स७ आणि जुळलेली ईएल८४ची जोडी नेहमी जवळ असू द्या. याहून आत मात्र हात घालू नका. बंद केल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहू शकतात, आणि तिथे पपांनाही मी जाऊ देत नाही.

परदेशातून आणवणार असाल तर मागची पट्टी वाचा. माझा ब्लूज ज्युनियर चुलतभाऊ टोरंटोहून घेऊन आला, त्यावर १२० व्होल्ट लिहिलंय. आपल्या २३० वर थेट लावला असता तर संपलाच असता. लॅमिंग्टन रोडवरून ५०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला, तो आता अ‍ॅम्पबरोबर फिरतो. अ‍ॅम्प १४ किलो, वर हे लोखंड.

पैशांचं म्हणाल तर इथे दुकानातून नवा ब्लूज ज्युनियर घ्यायच्या रकमेत कटाना आणि एक चांगली गिटार होते. पहिला अ‍ॅम्प घेणाऱ्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला मी कटानाच सांगते. दुकानात जाताना आपली गिटार न्या आणि घरी वाजवाल तेवढ्याच आवाजात ऐका. विक्रेता हमखास मोठ्याने वाजवून दाखवतो. मोठ्याने सगळंच छान वाटतं.

या नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला कटानाच जाणार. त्याच्या हेडफोनच्या जागेतून स्पीकरसारखा घडवलेला आवाज थेट मिक्सरमध्ये देता येतो, आणि फादरांना वेदीजवळ मोठा अ‍ॅम्प नको असतो. ब्लूज ज्युनियर २६ तारखेला, वाडीत, सातवर. पपांनी खुर्ची आत्ताच मागच्या पडवीत नेऊन ठेवली आहे.