डिस्नेच्या व्हिलातला आमचा हिस्सा: वीस महिन्यांनंतरचा हिशेब

१५ जानेवारीच्या आत यंदाचा मेंटेनन्स, म्हणजे व्हिलाच्या देखभालीचं वार्षिक बिल, भरला. आमच्या हिश्श्याचे १६० पॉइंट, पॉइंटमागे साधारण साडेआठ डॉलर, म्हणजे १,३६० डॉलर. यंदा आम्ही फ्लोरिडाला जाऊ की नाही ते अजून ठरलेलं नाही, पण हे पैसे भरावेच लागतात आणि २०५४ पर्यंत दर जानेवारीला भरावेच लागतील. घेण्याआधी मी जेवढे अनुभव वाचले, त्यांत मुलांचे हसरे फोटो भरपूर होते आणि या बिलाबद्दल एखादी ओळ असली तर असायची. म्हणून मी बिलापासूनच सुरुवात करते.

आधी हे काय प्रकरण आहे ते थोडक्यात. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या आवारातल्या काही रिसॉर्ट्समध्ये हॉटेलच्या खोल्यांऐवजी व्हिला आहेत आणि त्यांत डिस्ने व्हेकेशन क्लबमार्फत हिस्सा विकत घेता येतो. ही योजना १९९१ पासून चालू आहे. ठरावीक आठवडा किंवा ठरावीक घर आपल्या नावावर नसतं. दरवर्षी ठरावीक महिन्यात पॉइंट खात्यात पडतात आणि खोली, हंगाम, वार पाहून ते खर्च करायचे. कागदोपत्री मात्र ही फ्लोरिडातली स्थावर मालमत्ता आहे, रीतसर डीड, म्हणजे खरेदीखत, होतं. फरक एवढाच की तिला शेवटची तारीख असते. आमचं रिसॉर्ट साराटोगा स्प्रिंग्ज, २००४ साली उघडलेलं, त्याचा करार २०५४ मध्ये संपतो. त्या दिवशी घर, पॉइंट, सगळं परत जातं. माझी मुलगी आज आठ वर्षांची आहे, तेव्हा ती छत्तीसची असेल. विकणारे "पुढच्या पिढीसाठी" म्हणतात तेव्हा ही बेरीज मनात करून ठेवावी.

आम्ही रीसेलमध्ये घेतलं, म्हणजे आधीच्या मालकाकडून. क्लबकडून थेट घेतलं तर नव्या रिसॉर्टचा भाव पॉइंटमागे २०० डॉलरच्या पुढे जातो. आम्हाला १०८ डॉलरने मिळालं. १६० पॉइंटचे १७,२८०, वर कागदपत्रांचा खर्च ६२० धरून १७,९०० डॉलर. रीसेलला अटी आहेत. १९ जानेवारी २०१९ नंतर रीसेलने घेतलेले पॉइंट रिव्हिएरा आणि त्यानंतर आलेल्या नव्या रिसॉर्ट्समध्ये चालत नाहीत, आणि खुद्द रिव्हिएराचा करार रीसेलने घेतला तर तो फक्त तिथेच चालतो. आम्हाला जुनीच ठिकाणं आवडतात, त्यामुळे आमचं अडलं नाही. शिवाय सौदा ठरला तरी तो आधी डिस्नेकडे जातो. त्याच भावात स्वतः घ्यायचा हक्क त्यांना आहे, त्यामुळे त्यांचं उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगते. आमच्या दलालाच्या जाहिरातीत "२०२४ चे सगळे पॉइंट शिल्लक" असं लिहिलं होतं. सही करायच्या आदल्या रात्री मी खात्याचा उतारा मागवून ओळ न् ओळ वाचला, तर १६० मधले ९० पॉइंट मालकाने आधीच उसने उचलून वापरलेले. पुढच्या वर्षाचे पॉइंट आधी वापरायची सोय आहे, तिचा त्याने फायदा घेतला होता. त्यात गैर काही नाही, पण आम्हाला ते कुणी सांगितलं नाही. दोन दिवस फोनाफोनी झाली आणि त्या ९० पॉइंटचा मेंटेनन्स विकणाऱ्याने भरला. उतारा पाहिल्याशिवाय सही करू नका. थेट खरेदीत फ्लोरिडाच्या कायद्याने सही केल्यापासून दहा दिवसांत करार रद्द करता येतो. सुट्टीवर असताना भावनेच्या भरात सही झालीच असेल, तर ते दहा दिवस विसरू नका.

पहिली खेप नोव्हेंबर २०२४. आम्ही न्यू जर्सीत राहतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडे शिक्षकांच्या अधिवेशनामुळे गुरुवार-शुक्रवार शाळा बंद असतात आणि अख्खी जर्सी डिस्नेत उतरते. त्या आठवड्याला तिथे "जर्सी वीक"च म्हणतात. हातात ७० पॉइंट होते, त्यात स्टुडिओच्या चार रात्री बसल्या. स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक पलंग, एक सोफा, छोटा फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि टोस्टर. चांगली, स्वच्छ, बऱ्यापैकी मोठी खोली. पण परत आल्यावर मी प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं, यासाठी १७,९०० डॉलर घातले का? चांगल्या हॉटेलात यापेक्षा वेगळं काय मिळालं असतं? उत्तर फारसं सुखाचं नव्हतं. माझ्या मते फक्त स्टुडिओत राहायचं असेल तर हिस्सा घेण्यात अर्थ नाही. कधीतरी जायचं तर एखाद्या मालकाकडून पॉइंट भाड्याने घ्यावेत. साधारण २० डॉलरच्या भावाने मिळतात आणि पुढची तीस वर्षं गळ्यात पडत नाहीत.

दुसऱ्या खेपेला चित्र पालटलं. नोव्हेंबर २०२५, एक बेडरूमचा व्हिला, पाच रात्री, १४५ पॉइंट. सासूबाई भारतातून आल्या होत्या, वय ७१, गुडघे कुरकुरणारे. आपल्या होम रिसॉर्टची, म्हणजे जिथला हिस्सा घेतला तिथली, नोंदणी अकरा महिने आधी करता येते, इतर रिसॉर्टची सात महिने आधी. डिसेंबर २०२४ मध्ये सकाळी बरोबर आठला मी लॅपटॉप उघडून बसले होते आणि हवं ते मिळालं. याच अकरा महिन्यांसाठी होम रिसॉर्टला किंमत आहे. वसंतातल्या सुट्टीत अ‍ॅनिमल किंगडम लॉजमध्ये गवताळ रानाकडे तोंड असलेली खोली मिळावी म्हणून आम्ही सात महिने आधी प्रयत्न केला होता, सकाळी जिराफ बघायला मिळतात म्हणून. प्रतीक्षा यादीत नाव लावलं, ते शेवटपर्यंत यादीतच राहिलं. तेव्हा जिथे खरंच राहायचं आहे तिथलेच पॉइंट घ्या. "इथले स्वस्त घेऊ आणि तिथे राहू" हा बेत गर्दीच्या दिवसांत फसतो.

आता त्या व्हिलाविषयी. दुसऱ्या दिवशी मॅजिक किंगडममधून परतायला रात्रीचे नऊ वाजले. सासूबाईंचे पाय सुजलेले. दार उघडल्याबरोबर त्या सोफ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "आता बाहेरचं काही खायला लावू नकोस गं." मी घरून छोटा कुकर, मूगडाळ आणि मसाल्याचा डबा नेला होता. तिथे पूर्ण स्वयंपाकघर असतं, चार शेगड्यांचा विजेचा स्टोव्ह, मोठा फ्रिज, डिशवॉशर, पातेली-ताटल्या सगळं. विजेची शेगडी तापायला वेळ घेते, त्यामुळे फोडणीच्या तेलाची वाट बघत मी उभी होते. बाथरूमशेजारी वॉशिंग मशीन घरघरत होतं, पार्कात पावसात भिजलेले कपडे त्यात होते. मुलगी मिकीच्या कानांचा हेअरबँड डोक्यावर तसाच ठेवून सोफा-बेडवर झोपून गेली होती. वीस मिनिटांत खिचडी झाली. सासूबाई पायाखाली उशी घेऊन बशीत वाढून घेत होत्या, आणि आतल्या खोलीचं दार लावून घेता येत होतं. ते दार, ती शेगडी आणि ते मशीन, या तिन्हींसाठी मी पैसे मोजले होते हे मला तेव्हा कळलं. बाकी जकूझी वगैरे आम्ही एकदा वापरला.

साफसफाईबद्दल सांगायला हवं. हॉटेलसारखं रोज कुणी येत नाही. आठवड्याच्या आतला मुक्काम असेल तर चौथ्या दिवशी कचरा नेतात आणि टॉवेल बदलून देतात, तेवढंच. आम्हाला चाललं. ज्यांना रोज आवरलेला पलंग हवा त्यांना चालणार नाही.

आता पैसे. १७,९०० भागिले ३० वर्षं म्हणजे वर्षाला ५९७, पॉइंटमागे पावणेचार डॉलर. त्यात साडेआठ मेंटेनन्स, एकूण सव्वाबारा. बहुतेक जण इथेच थांबतात आणि खूश होतात. पण तेच १७,९०० बाजूला गुंतवून पाच टक्के मिळाले असते असं धरलं, तर पॉइंटमागची खरी किंमत जवळजवळ सोळा डॉलरवर जाते. म्हणजे आमचा पाच रात्रींचा व्हिला साधारण २,३०० डॉलरला पडला. मालकाकडून भाड्याने पॉइंट घेतले असते तर २,९००. हॉटेल म्हणून रोख घेतला असता तर रात्रीला सहाशेच्या वर आणि त्यावर साडेबारा टक्के कर, एकूण साडेतीन हजारांच्या पुढे. पॉइंटवर राहिलं की हा कर लागत नाही.

मग बाराशे डॉलर वाचले का? माझं ठाम मत आहे की नाही. आम्ही साडेतीन हजार भरून त्या खोलीत कधीच राहिलो नसतो. आवाराबाहेर १८० डॉलरच्या सूटमध्ये, सकाळच्या नाश्त्यासह, पाच रात्री करासकट साधारण हजार डॉलरमध्ये राहिलो असतो. दहा वर्षं आम्ही तेच करत होतो. तेव्हा खरी तुलना २,३०० आणि १,००० ची आहे. वरचे १,३०० डॉलर आम्ही आवाराच्या आत राहण्यासाठी, बससाठी, पार्कात अर्धा तास आधी मिळणाऱ्या प्रवेशासाठी आणि डिस्ने स्प्रिंग्ज या बाजारपेठेपर्यंतच्या तळ्याकाठच्या पायवाटेसाठी मोजतो. मला ते पटतं. पण याला बचत म्हणू नये. तुम्ही घेण्याचा विचार करत असाल तर रोखीचा भाव बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा, हा हिस्सा नसता तर मी नक्की कुठे उतरले असते? वजाबाकी त्या आकड्यातून करा. पार्कची तिकिटं यात कुठेच नाहीत हेही लक्षात असू द्या. मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट गर्दीच्या तारखांना दीडशे डॉलरच्या पुढे सहज जातं.

कर्ज काढून तर घेऊच नका. अशा कर्जाचं व्याज घरकर्जापेक्षा बरंच जास्त असतं आणि वरची सगळी गणितं तिथेच कोसळतात.

मेंटेनन्सची मला खरी काळजी वाटते. त्यात डागडुजी, विमा, मालमत्ता कर, वाहतूक, पगार सगळं येतं आणि यातलं काहीच स्वस्त होत नाही. वर्षाला चार टक्के वाढ धरली तर अठरा वर्षांत साडेआठचे सतरा होतात. मी नोकरीत असेन तोवर ठीक. निवृत्तीनंतर पॉइंट वापरले नाहीत तरी बिल येणार. म्हणून आम्ही नवराबायकोने आत्ताच ठरवलंय की मुलगी बारावी झाली की विकायचं. डिस्नेचे करार इतर बऱ्याच टाइमशेअरपेक्षा, म्हणजे अशाच हिश्श्याने घेतलेल्या सुट्टीच्या घरांपेक्षा, बरे विकले जातात, पण वर्षं कमी होत जातील तसा भाव उतरणार, आणि तो मी आजच उतरलेला धरून चालते.

शाही म्हणता येईल असं जे आहे, तेही पाहिलं. पॉलिनेशियन रिसॉर्टसमोर तळ्यात खांबांवर वीस बंगले उभे आहेत, २०१५ पासून. दोन बेडरूम, आठ माणसांची सोय, अंगणात पोहण्याचं छोटं कुंड, समोर मॅजिक किंगडम. सर्वांत स्वस्त हंगामातही रात्रीला शंभराच्या वर पॉइंट लागतात, आणि गर्दीच्या दिवसांत आमचे वर्षाचे १६० एका रात्रीलाही पुरत नाहीत. एका संध्याकाळी आम्ही तिथल्या वाळूवर बसलो. मुलीने आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. फटाके सुरू झाले तेव्हा संगीतही किनाऱ्यावर ऐकू येत होतं. बंगल्यांच्या गच्च्यांवर माणसं उभी होती आणि आम्ही सगळे एकाच आकाशाकडे बघत होतो. त्या बंगल्याचा माझा मोह तिथेच संपला.

व्हिलाचा मोह मात्र संपलेला नाही. गेल्या खेपेतून १५ पॉइंट उरले होते, ते ३१ जानेवारीच्या आत पुढच्या वर्षात ढकलायचे होते. वर्ष सुरू झाल्यापासून आठ महिन्यांत हे केलं नाही तर पॉइंट वाया जातात, आणि आमचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. मी फोनमध्ये गजर लावून ते केलं. यंदा जमलं नाही तर जूनचे १६० सुद्धा पुढे ढकलायचे आणि २०२७ च्या नोव्हेंबरात दिरांच्या घरच्यांबरोबर आठवडाभर राहायचं, असा बेत आहे. दिरांना झाडांमधले ट्रीहाउस व्हिला फार आवडले. साराटोगातच तसे साठ आहेत, खांबांवर उभे, तीन बेडरूमचे, नऊ माणसांचे. मी नाही म्हटलं. बहुतेक घरांत जिना चढूनच जायचं आणि सासूबाईंना दिवसातून चार वेळा ते जमणार नाही. दोन बेडरूमचा साधा व्हिला घेऊ, आणि नोंदणी करताना तळमजला मागू. ती विनंती असते, मिळेलच अशी खात्री नाही, म्हणून या वेळीही सकाळी आठलाच बसणार आहे.