चादर-टॉवेलच्या दुकानात ऑरेंज: तीन हंगामांनंतरचा अनुभव

ऑरेंज हे डेटा मायनिंगचं, म्हणजे साठलेल्या माहितीतून उपयोगी गोष्टी शोधून काढायचं, मोफत सॉफ्टवेअर आम्ही सोलापुरातल्या आमच्या चादर-टॉवेलच्या दुकानात संक्रांतीच्या आधीपासून वापरतोय. गड्डा (संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा), लगीनसराई आणि आषाढी हे तिन्ही हंगाम त्यावर काढून झाले, म्हणून आता सविस्तर लिहितो.

स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना विद्यापीठात ते तयार झालंय. कोड लिहावा लागत नाही. पडद्यावर एकेक विजेट, म्हणजे एकेक काम करणारा ठोकळा, ठेवायचं आणि रेघेनं जोडत जायचं. बिलिंगमधून काढलेली एक्सेल फाइल आत घेतली की काम सुरू. सगळं आपल्याच संगणकावर चालतं, त्यामुळे गिऱ्हाइकांचे मोबाईल नंबर दुकानाबाहेर जात नाहीत. मला ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते.

कोणत्या मालासोबत कोणता माल जातो, हे आधी बघितलं. त्यासाठी असोसिएट नावाची जोड (अ‍ॅड-ऑन) वेगळी टाकावी लागते. राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी १९९४ मध्ये अप्रायोरी ही पद्धत मांडली, तेव्हापासून ‘हे घेणारा तेही घेतो’ अशा नियमांचा अभ्यास दुकानदारीत रुळलाय. पहिल्याच फेरीत वर आलं ते टॉवेल आणि टोपी. आहेराचा माल विकणाऱ्याला हे संगणकानं सांगायची गरज नाही! खरी नजर ठेवायची ती लिफ्ट या आकड्यावर: एक माल घेणाऱ्यांत दुसऱ्या मालाचं प्रमाण, एकूण बिलांतल्या त्याच्या प्रमाणाच्या किती पट आहे. समजा १०० पैकी ८० बिलांत टॉवेल आहे आणि चादर घेणाऱ्यांपैकी ७५ टक्के लोक टॉवेलही घेतात. ७५ टक्के हा आकडा भारी दिसतो, पण लिफ्ट येते ०.९४, म्हणजे चादरवाला इतरांपेक्षा टॉवेल थोडा कमीच घेतो. अशा जोडीवर सूट ठेवून फारसं काही हाती लागत नाही. लिफ्ट १ च्या बरीच वर असेल आणि तशी बिलंही पुरेशी असतील, तरच आम्ही मांडणी बदलतो.

मग गिऱ्हाइकांचे गट पाडले: शेवटची खरेदी कधी, किती वेळा आले, किती रुपयांचा माल नेला. सारखी गिऱ्हाइकं एका गटात टाकणाऱ्या के-मीन्स विजेटमध्ये स्तंभ समान मापावर आणायचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर रुपयांचा मोठा आकडा बाकी दोन्ही गोष्टी गिळून टाकतो. आणि इथेच आमच्या धंद्याला ही तयार पद्धत जशीच्या तशी बसत नाही. लग्नघरचं गिऱ्हाईक एकदा भरपूर आहेर नेतं आणि घरात पुढचं कार्य निघेपर्यंत दिसत नाही. गड्ड्याला सिद्धेश्वराच्या दर्शनाला कर्नाटक-तेलंगणातून आलेली माणसं चादर घेऊन जातात, ती पुढच्या गड्ड्यालाच. गणित या दोघांनाही ‘तुटलेलं गिऱ्हाईक’ म्हणतं. उलट पंढरपूर, अक्कलकोटचे लॉजवाले ठराविक काळानं टॉवेल उचलतात. त्यांच्यापैकी कुणाचा नेहमीचा काळ उलटून गेला, तर खरंच काहीतरी बिनसलेलं असतं.

म्हणून एक्सेलमध्येच एक नवा स्तंभ केला: त्या गिऱ्हाइकाच्या दोन खरेद्यांमधलं नेहमीचं अंतर, आणि आत्ताचं अंतर त्याच्या किती पट झालंय. एवढ्यानं सगळं चित्र पालटलं. आता सरसकट सगळ्यांना मेसेज जात नाहीत. ज्याची वेळ टळली, त्याला फोन जातो आणि तोही ‘काही तक्रार आहे का’ असं विचारायला. कुणी टॉवेल आखूड झाल्याचं सांगतं, कुणी रंगाचं. नुसत्या जाहिरातीच्या मेसेजवर हे कोण कशाला कळवेल?

तक्रारींची नोंद आम्ही तारीख, माल, रंग आणि लॉट नंबर अशी ठेवतो. एकेका प्रश्नानं नोंदींच्या फांद्या पाडत जाणारं ट्री विजेट लावल्यावर रंग गेल्याच्या तक्रारी गडद मरून मालाच्या एकाच लॉटभोवती गोळा झालेल्या दिसल्या. बिलावर लॉट असल्यानं तो माल कुणाकुणाकडे गेला हे निघालं, आणि तक्रार यायच्या आधीच आम्ही त्यांना फोन करून माल बदलून दिला. उरलेला लॉट मांडणीतून काढला. गडद मालासोबत आता ‘पहिली धुलाई वेगळी, थंड पाण्यात’ अशी चिठ्ठी देतो, मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्हींत. माझ्या मते या सॉफ्टवेअरचा सगळ्यात चांगला उपयोग हाच झाला. विक्री वाढवायच्या नादात ही बाजू बहुतेक दुकानदार बघतच नाहीत.

मेहनत कुठे आहे म्हणाल, तर मालाच्या नावांत. काउंटरवर कुणी ‘जेकार्ड’ लिहितं, कुणी ‘जॅकार्ड’, कुणी नुसतं ‘मोठी चादर’, आणि सॉफ्टवेअरला ते तीन वेगळे माल वाटतात. मालाला कोड लावल्याशिवाय सुरुवात करू नका. पडद्यावरची भाषा इंग्रजी आहे, पण काउंटरवरच्या पोरांनी ती लवकर आत्मसात केली. नंबर घेताना ‘मेसेज पाठवला तर चालेल का’ हे विचारून बिलावर खूण करून ठेवा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा गाभा संमती हाच आहे.

हाताशी निदान एका वर्षाची बिलं हवीत, आणि त्यात एक गड्डा व एक पूर्ण लगीनसराई यायला हवी. फक्त पावसाळ्यातल्या बिलांवर गट पाडले तर आहेराचं गिऱ्हाईक त्यात जवळपास दिसणारच नाही.