फ्रायबुर्ग की हॅनोव्हर? हिरव्या जर्मन शहरातला एक शनिवार-रविवार

जर्मनीतलं एखादं हिरवं शहर दोन दिवसांत बघायचंय, कुठे जाऊ? असं विचारलं की दहापैकी नऊ जण क्षणाचाही विचार न करता फ्रायबुर्ग सांगतात. उत्तर चुकीचं नाही, पण तुम्ही कुठून निघणार, सोबत कोण आहे आणि महिना कोणता, हे न विचारताच दिलेलं असतं. या तीन गोष्टी विचारल्या की निदान निम्म्या लोकांना मी हॅनोव्हरला पाठवेन. हो, तेच हॅनोव्हर, जिथे आपल्याकडचे कारखानदार आणि इंजिनिअर एप्रिलमधल्या औद्योगिक प्रदर्शनाला जातात, चार दिवस हॉल पालथे घालतात आणि शहर न बघताच परततात.

ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी: चढायची हौस असेल, गुडघे धड असतील आणि राहणं दक्षिणेकडे असेल तर फ्रायबुर्ग. भारतातून आलेले आई-बाबा किंवा बाबागाडीतलं मूल सोबत असेल, किंवा हॅम्बुर्ग-बर्लिनकडून निघत असाल तर हॅनोव्हर. फ्रांकफुर्टकरांना दोन्ही सारखीच. वेगवान गाडीने दोन्हीकडे साधारण सव्वादोन तास लागतात.

युद्धानंतरचे दोन रस्ते

दोन्ही शहरं दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाली. हॅनोव्हरवर सर्वांत मोठा घाला पडला तो ऑक्टोबर १९४३ मध्ये, फ्रायबुर्गवर २७ नोव्हेंबर १९४४ च्या रात्री. नंतर मात्र दोघांनी वेगळे निर्णय घेतले, आणि आज पर्यटक म्हणून जो फरक जाणवतो त्याचं मूळ तिथे आहे. फ्रायबुर्गने जुन्या गल्ल्यांचा आराखडा बऱ्याच अंशी तसाच ठेवून घरं पुन्हा उभी केली. हॅनोव्हरमध्ये रुडॉल्फ हिलेब्रेश्ट या नगररचनाकाराने मोटारींसाठी ऐसपैस रस्ते आखले आणि पन्नाशीच्या दशकात त्याचं मोठं कौतुकही झालं. म्हणून फ्रायबुर्ग फोटोत देखणं दिसतं, आणि हॅनोव्हरच्या स्टेशनातून बाहेर पडल्यावर पहिला विचार येतो, 'अरे, हे काय बघायला आलो आपण?' दम धरा. हॅनोव्हरचं सौंदर्य स्टेशनसमोर नाही, ट्रामने दहा मिनिटांवर आहे.

फ्रायबुर्ग: शनिवारची सकाळ चुकवू नका

फ्रायबुर्गला जायचं ठरवलंत तर शक्यतो शुक्रवारी रात्रीच पोहोचा. कारण शनिवारी सकाळी कॅथेड्रलभोवती भरणारा बाजार हे या शहराचं खरं वैभव, आणि तो दुपारी दीडच्या सुमारास आवरतो. रविवारी तो नसतोच. चौकाच्या उत्तर बाजूला आसपासचे शेतकरी बसतात, दक्षिण बाजूला व्यापारी. मे-जूनमध्ये पांढरं अ‍ॅस्परॅगस आणि स्ट्रॉबेरी, नंतर चेरी, शरदात भोपळे. लांबलचक लाल सॉसेजची गाडी प्रसिद्ध आहे. शाकाहारी मंडळींनी तिकडे न बघता चीजकेकच्या गाडीकडे वळावं.

कॅथेड्रलचा मनोरा ११६ मीटर उंच, सन १३३० च्या सुमारास पूर्ण झालेला. वरचा कळस भरीव नाही, दगडाची जाळी आहे, आरपार आकाश दिसतं. भोवतालची घरं १९४४ साली जमीनदोस्त झाली तेव्हाही तो उभा राहिला.

रस्त्यांच्या कडेने वाहणारे पाण्याचे अरुंद पाट, त्यांना इथे बेख्ले म्हणतात, हे या शहराचं दुसरं आकर्षण. पाणी द्रायझाम नदीचं. मध्ययुगात ते आगी विझवायला आणि गुरांना लागायचं, आता लहान मुलं दोरीला लाकडी होड्या बांधून त्यात ओढत नेतात. चुकून ज्याचा पाय त्यात पडेल त्याचं लग्न फ्रायबुर्गकराशी होतं, असं गावात म्हणतात. विवाहितांनी जरा जपून चालावं.

दुपारी श्लॉसबेर्ग. जुन्या गावाला अगदी खेटून असलेली ही टेकडी पायी चढता येते, नाहीतर एक छोटी तिरकी लिफ्टगाडी आहे. वर चेस्टनटच्या झाडांखाली बिअर गार्डन, खाली लाल कौलं आणि पलीकडे फ्रान्सच्या व्होज पर्वतरांगा. उन्हाळ्यात इथे बरंच उकडतं, कारण हा जर्मनीच्या सर्वांत उबदार भागांपैकी एक. पण संध्याकाळी हेलेनटाल दरीतून वारा उतरतो आणि गाव गार होतं. त्या वेळी चौकात बसायला जागा मिळाली तर सोडू नका.

रविवारी दुकानं बंद, तेव्हा डोंगरावर जा. दोन नंबरची ट्राम ग्युंटरस्टालपर्यंत, तिथून बस, आणि मग शाउइन्सलांडचा रोपवे. १९३० साली सुरू झालेला हा रोपवे सुमारे ३.६ किलोमीटर लांब आहे आणि वर जायला वीसेक मिनिटं घेतो. शिखर १२८४ मीटर. वाऱ्याने एका बाजूला झुकलेले बीच वृक्ष आणि कुरणं, चालायला सोप्या वाटा. हिवाळ्यात कधीकधी खाली शहरात दाट धुकं आणि वर लख्ख ऊन असतं. असा दिवस मिळाला तर नशीब. रोपवेच्या तपासणीसाठी वर्षातून काही दिवस तो बंद ठेवतात, म्हणून तारीख आधी बघा.

आता फोबाँबद्दल. फ्रेंच सैन्य १९९२ मध्ये गेल्यावर त्याच्या बराकींच्या जागेवर वसलेली ही वस्ती जगभरचे नगररचनाकार बघायला येतात. गाड्या वस्तीच्या कडेच्या वाहनतळात ठेवायच्या, आतल्या गल्ल्यांत मुलं खेळतात, ट्रामचे रूळ गवतातून जातात. शेजारीच रोल्फ डिश या वास्तुकाराची वस्ती आहे, वापरापेक्षा जास्त वीज छतावर तयार करणारी. जवळच्या व्यूल गावात १९७५ साली लोकांनी अणुवीज प्रकल्पाची जागा अडवून धरली आणि अखेर तो प्रकल्प झालाच नाही; फ्रायबुर्गची आजची ओळख त्या आंदोलनातून घडत गेली. २००२ मध्ये तर इथे ग्रीन पक्षाचा महापौर निवडून आला, जर्मनीच्या मोठ्या शहरांमध्ये पहिल्यांदाच. हे सगळं खरं, तरी माझं मत असं की तुम्हाला या विषयात रस नसेल तर फोबाँला जाऊ नका. शेवटी ती माणसं राहतात ती जागा आहे. तासाभरात तुम्ही दुसऱ्यांच्या गॅलऱ्यांतल्या सायकलींचे फोटो काढून कंटाळाल, आणि त्यांनाही त्याचा कंटाळा आलेलाच आहे.

टिटिझेचा तलावही याच दोन दिवसांत कोंबावा का? पाऊण तासाची गाडी आहे, दरीतून जाणारा मार्ग सुंदर आहे, पण तलावाकाठी कुकू घड्याळांची दुकानं आणि पर्यटकांची झुंबड. शाउइन्सलांड की टिटिझे, यात मी दरवेळी शाउइन्सलांड निवडेन.

हॅनोव्हर: सपाट, सावलीचं आणि कमी लेखलेलं

हॅनोव्हरमध्ये शहराच्या मधोमध आयलेनरीडे नावाचं जंगल आहे. बाग नव्हे, जंगल. सुमारे ६४० हेक्टर, म्हणजे दीड हजार एकरांहून जास्त. १३७१ साली ते नगरवासीयांच्या हाती आलं आणि आजही शहराचंच आहे. त्यातून सायकलने तासभर फिरा, सिग्नल क्वचितच लागेल.

पण पहिला दिवस द्यावा हेरनहाउझनच्या बागांना. मुख्य बाग सुमारे ५० हेक्टरांची, सतराव्या शतकात राजघराण्यातल्या सोफी हिने हौसेने वाढवलेली. तिचा स्नेही आणि दरबारी तत्त्वज्ञ लाइबनिट्स याच बागेत तिच्याशी वाद घालत फिरायचा. कापून नेमक्या केलेल्या झुडपांचे ताटवे उंचावरून ठिपक्यांच्या रांगोळीसारखे दिसतात. मधलं मोठं कारंजं सत्तर मीटरच्या वर उडतं. उन्हाळी हंगामात कारंजी ठरावीक तासांनाच सुरू असतात, तेव्हा वेळ बघून तिकीट काढा. कारंजी बंद असताना गेलात तर निम्मी मजा गेली. त्याच आवारातली निकी द सँ फाल यांनी सजवलेली गुहा, आरसे आणि रंगीत काचांनी मढवलेली, लहान मुलांना हमखास आवडते.

रस्त्यापलीकडच्या बेर्गगार्टनमध्ये ऑर्किडचा मोठा संग्रह आहे आणि राजघराण्याची समाधीही. तिथे पहिला जॉर्ज आहे, जो १७१४ साली इथून उठून ब्रिटनच्या गादीवर बसला. पुढे शंभरहून अधिक वर्षं दोन्हीकडे राजा एकच होता. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा ज्याच्या नावाने इंग्रजांचा कारभार चालायचा तो तिसरा जॉर्ज हॅनोव्हरचाही राजा होता. बाबा इतिहासप्रेमी असतील तर हा धागा त्यांच्या हाती द्या, अर्धा तास निश्चिंत.

दुसऱ्या दिवशी नवं टाउन हॉल आणि माशझे. १९१३ चं टाउन हॉल राजवाडा वाटावा असं आहे, आणि घुमटात वर जाणारी लिफ्ट सरळ न जाता घुमटाच्या वळणाबरोबर तिरकी होत चढते. हिवाळ्यात जाणार असाल तर ती सुरू आहे का ते पाहून घ्या. तळमजल्यावर शहराच्या चार प्रतिकृती मांडल्या आहेत. १९३९ च्या आणि १९४५ च्या प्रतिकृती शेजारी बघितल्या की युद्धाने काय केलं ते वेगळं सांगावं लागत नाही. मागच्या दाराने बाहेर पडलं की बाग, आणि तिथून थोडं चाललं की माशझे: १९३४ ते १९३६ या काळात माणसांनी खणलेला, जवळपास अडीच किलोमीटर लांबीचा तलाव. काठाने सपाट रस्ता, ठिकठिकाणी बाकं, होडीची फेरी.

प्राणिसंग्रहालयात भारतीय महाराजाच्या महालाची प्रतिकृती उभारून त्यात हत्ती ठेवलेत. आई-बाबांना भारतीय महाल दाखवायला जर्मनीत न्यावं का, हे तुम्हीच ठरवा.

आई-बाबा सोबत असतील तर

इथे फ्रायबुर्ग मागे पडतं, आणि ते सहसा कुणी सांगत नाही. जुन्या गावात नदीतल्या गोट्यांची फरसबंदी आहे. दिसते सुरेख, पण मऊ तळव्याच्या चपलेत दोन तास चालल्यावर आईचे घोटे बोलायला लागतात. शिवाय बेख्लेकडे लक्ष ठेवून पावलं टाकायची. टेकडीवरून देखावा छान, पण चढउतार आलाच. हॅनोव्हरमध्ये जवळजवळ सगळं सपाट, ट्राम वारंवार, बाकं पुष्कळ. ज्यांना थोडं चालून, बसून, पुन्हा थोडं चालून दिवस घालवायचा असतो त्यांना ते सोयीचं. तिशीतली मित्रमंडळी मात्र हॅनोव्हरला रविवारी दुपारी चारला कंटाळतील, हेही खरं.

जेवणाचं म्हणाल तर फ्रायबुर्ग थोडं सरस. चीज घातलेले श्पेट्झले, म्हणजे मऊ नूडल्ससारखा पदार्थ, शाकाहारींना पोटभर होतात. फ्लामकुखन या पातळ, पिझ्झासारख्या पदार्थावर मात्र डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, ते नकोत असं ऑर्डर देतानाच सांगायचं. हॅनोव्हरला शनिवारी मार्केट हॉलमध्ये जेवण उरकावं, रविवारी तो बंद असतो. घरी न्यायला लाइबनिट्सच्या नावाची बिस्किटं घ्या. १८९१ पासून ती याच शहरातली.

खर्च आणि प्रवास

हॅनोव्हरची हॉटेलं मुख्यतः कामासाठी येणाऱ्यांवर चालतात, त्यामुळे शनिवार-रविवारी खोली बऱ्याचदा स्वस्त पडते. अपवाद मोठ्या प्रदर्शनांचा: त्या आठवड्यात तीच खोली दुप्पट-तिप्पट. तारीख ठरवण्याआधी प्रदर्शनांचं वेळापत्रक उघडून बघा. फ्रायबुर्गचं गणित उलटं, तिथे शनिवार-रविवारच महाग. उन्हाळ्यात आणि डिसेंबरच्या नाताळ बाजाराच्या दिवसांत आणखी.

मासिक डॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभरच्या स्थानिक आणि प्रादेशिक वाहतुकीचा पास, असेल तर दोन्ही शहरांतल्या ट्राम, बस त्यात आल्या, टिटिझेची गाडीही. शाउइन्सलांडचा रोपवे नाही, आणि वेगवान आयसीई गाड्या नाहीत. फ्रांकफुर्टहून फक्त प्रादेशिक गाड्यांनी फ्रायबुर्गला निघालात तर वेळ दुपटीच्या आसपास जातो, दोन दिवसांच्या सहलीत तो परवडत नाही.

फ्रायबुर्गहून स्वित्झर्लंडमधलं बाझल जवळ आहे, मोह होईल. गेलात तर पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड खिशात हवं, गाडीत तपासणी होऊ शकते.

कोलोन-ड्युसेलडॉर्फकडे राहणाऱ्यांनी आणि पावसाचा अंदाज असलेल्यांनी या दोन्हींऐवजी एसेन बघावं. कोळशाचं हे शहर २०१७ साली युरोपची हरित राजधानी झालं. १९८६ मध्ये बंद पडलेली त्सोलफेराइन खाण आता जागतिक वारसा आहे, तिच्या कोळसा धुण्याच्या इमारतीत संग्रहालय आहे आणि ते बघण्यात अख्खा पावसाळी दिवस जातो. ऊन पडलं तर बाल्डेनायझे तलाव.

कुठेही जा, परतीची गाडी रविवारी संध्याकाळची असेल तर सीट राखून ठेवा. त्या वेळी सगळी जर्मनी घरी निघालेली असते, आणि तिकीट असलं म्हणजे बसायला जागा मिळेलच असं नाही.