काथ्याची गादी बदलताना: बनवून घेतलेल्या रिबॉन्डेड-लॅटेक्स गादीचा अनुभव

काथ्याची गादी संपत आल्याचे पाठीच्या आधी केरसुणीला कळते. पलंगाखाली रोज तपकिरी भुसा सापडू लागला की आतील नारळाच्या धाग्यांवरचे रबर सुकून धागे तुटू लागले आहेत, असे खुशाल समजावे. आमच्या ७५ बाय ६० इंचांच्या गादीला मधोमध खड्डा पडला होता, आणि बाजू बदलून, डोके-पाय फिरवून झाल्यावर ती बदलण्यावाचून इलाज उरला नव्हता. नवी गादी मऊ असावी की कडक, यावर घरात मतभेद होते. ती टिकली पाहिजे, यावर मात्र एकमत होते.

प्रथम शोरूम पालथ्या घातल्या. तेथील विक्रेते गादीत किती थर आहेत आणि प्रत्येकाचे नाव काय, हे उत्साहाने सांगतात. त्या थरांची घनता विचारली की मात्र पत्रक शोधावे लागते. ‘ऑर्थोपेडिक’ हा शिक्का तर इतक्या गाद्यांवर दिसला की त्यावरून निवड करणे अशक्यच होते. शिवाय ज्या दोन नावांची आपण हिरिरीने तुलना करतो ती एकाच घरातली असू शकतात: स्लीपवेल बनवणाऱ्या शीला फोमने २०२३ मध्ये कर्लऑन ही कंपनी विकत घ्यायचा व्यवहार केला, हे किती ग्राहकांना ठाऊक असते?

फोमच्या गादीचे आयुष्य ठरवण्यात घनतेचा, म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन किती किलो याचा, मोठा वाटा असतो. साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम बहुधा ३२ किंवा ४० घनतेचा असतो. फोमचे तुकडे चिकटवून आणि दाबून केलेला रिबॉन्डेड फोम त्याच्या दुपटीने किंवा त्याहून जड, ८० ते १०० पर्यंत असतो. घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवावे. हलका फोमसुद्धा दुकानात बसून पाहिल्यावर छान कडक वाटतो आणि नंतर माणसाच्या वजनाखाली बसत जातो. रिबॉन्डेड फोम सहज दबत नाही, पण नुसत्या त्याच्यावर झोपणे म्हणजे जवळजवळ फरशीवर झोपणे. म्हणून त्याच्यावर दोन इंच नैसर्गिक लॅटेक्सचा थर घ्यायचे ठरले. रबराच्या चिकाला फेस आणून, तो साच्यात ओतून आणि भाजून हा थर तयार होतो. साच्यातील सळ्यांमुळे त्याला आरपार भोके राहतात आणि त्यांतून हवा खेळते.

कापसाच्या गादीचा विचार केलाच नाही असे नाही. टिकाऊपणात तिची बरोबरी कोणी करू शकत नाही, कारण ती उसवून, कापूस पुन्हा पिंजून, नव्या खोळीत भरता येते. पण त्यासाठी पिंजारी हाताशी हवा आणि जड गादी गच्चीपर्यंत वाहणारे हात घरात हवेत. स्प्रिंगच्या गाद्या चांगल्या असतीलही. आतील तार बिघडली तर घरी काहीच करता येत नाही, एवढ्या कारणाने त्या बाद केल्या.

अखेर नाशकातील एका जुन्या गादी कारखान्यात ऑर्डर दिली: खाली चार इंच ९० घनतेचा रिबॉन्डेड, वर दोन इंच ८० घनतेचा लॅटेक्स आणि चारही बाजूंनी उघडणाऱ्या चेनची सुती खोळ. मालकांनी रिबॉन्डेडचा तुकडा हातात दिला आणि कोपरा चिमटीत धरून ओढायला सांगितले. चिकटवण्याचे काम कच्चे असेल तर तुकडे सुटून येतात. एकही सुटला नाही. कारखान्यात कापूस तोलण्याचा काटा होताच, त्यावर दोन्ही थर चढवून घेतले. हिशेबाने रिबॉन्डेडचे साडेसव्वीस आणि लॅटेक्सचे बारा किलोच्या आसपास वजन यायला हवे होते, आणि काट्याने जवळपास तेच सांगितले. बिलावर दोन्ही घनता लिहून देताना मालकांनी आढेवेढे घेतले नाहीत, याचे विशेष कौतुक वाटले. सगळे मिळून साधारण २४ हजार रुपये लागले.

उन्हाळा आणि पावसाळा काढल्यावर गादीवर आडवी दोरी ताणून पट्टीने मोजले, तेव्हा खोलगटपणा जाणवण्याइतका आढळला नाही. एवढ्यावरून तिच्या आयुष्याची हमी देणे घाईचे ठरेल. उन्हाळ्यात पाठ तापत नाही, आणि एकाने कूस बदलली तरी दुसऱ्याची झोप मोडत नाही. बॉक्सच्या पलंगात खालून हवा लागत नसल्याने पावसाळ्याआधी सुताराकडून प्लायला भोके पाडून घेतली. हा खर्च गादीच्या किमतीत धरावा.

उणिवाही आहेत. सुरुवातीचे काही आठवडे रबराचा वास खोलीत दरवळत होता. थर एकमेकांना चिकटवलेले नसल्याने वरचा थर पायांकडे सरकतो आणि अधूनमधून खोळ उघडून बसवावा लागतो. अर्थात त्यामुळेच पुढे एकच थर बदलता येईल. गादी इतकी जड आहे की एकट्या माणसाने फिरवण्याच्या फंदात पडू नये. छापील वॉरंटीही मिळाली नाही. मात्र शोरूममधील दहा वर्षांच्या वॉरंटीच्या अटी वाचल्यावर त्याचे फारसे दुःख झाले नाही: ठरावीक मापापेक्षा खोल खड्डा पडला तरच दाद मिळते, गादी नुसती मऊ पडली तर नाही, आणि डाग पडलेला असला तर मुळीच नाही.

आणखी एक गोष्ट कारखान्यातून निघताना सांगितली गेली, आणि ती आपल्याकडच्या घरांत विसरली जाण्याची शक्यता फार आहे. दिवाळीच्या आधी सगळ्या गाद्या उन्हात टाकण्याची आपली रीत कापसाला मानवते, पण थेट उन्हाने लॅटेक्स कडक होऊन त्याचा चुरा पडतो. या गादीला उन्हाऐवजी पंख्याखाली, खोळ काढून, वारा द्यायचा असतो.