रेनबो माशांच्या अंड्यांसाठी तयार गोंडा: दोन महिन्यांच्या वापरानंतर

बोसमनी रेनबो हा मूळचा पश्चिम पापुआतील आयामारू सरोवरांचा मासा. त्याच्या प्रत्येक अंड्याला चिवट, चिकट तंतू असतात आणि त्यांच्या आधाराने ते पाण्यातील वनस्पतींत अडकून राहते. टाकीत जावा मॉस (पाण्यात वाढणारे शेवाळासारखे रोप) ठेवला तर मासे त्यात आनंदाने अंडी घालतात. मात्र ती वेचताना डोळे जातात. म्हणून हे मासे पाळणारे मॉसऐवजी लोकरीच्या धाग्यांचा गोंडा सोडतात. असे दोन तयार गोंडे मी दिवाळीनंतर ऑनलाइन २४० रुपयांना मागवले.

धागा अॅक्रिलिकचा आहे, ही या गोंड्याची सर्वांत चांगली बाजू. मेंढीची खरी लोकर पाण्यात कुजते. खात्रीसाठी एक धागा जाळून पाहिला, तेव्हा केस जळल्याचा वास न येता तो वितळून त्याची कडक गोळी झाली. गडद हिरव्या रंगावर काचेसारखी, जेमतेम मिलिमीटरभर आकाराची अंडी चटकन दिसतात आणि ती इतकी टणक असतात की चिमटीत धरून वेचता येतात. मात्र हाच रंग गरम पाण्यात उतरला. ‘धुण्याची गरज नाही’ असे विक्रेत्याने लिहिले होते. प्रत्यक्षात चार वेळा पाणी बदलल्यावरच ते स्वच्छ राहिले. गोंड्याला बांधलेला बुचाचा तुकडाही फार लहान असल्याने तिसऱ्या आठवड्यात दोन्ही गोंडे तळाला गेले आणि मला त्यांना थर्माकोल बांधावे लागले.

एक नर आणि दोन माद्या असलेल्या टाकीतून पहिल्या आठवड्यात मला सुमारे ७० अंडी मिळाली. रेनबो एकाच वेळी सगळी अंडी घालत नाहीत. रोज थोडी थोडी, बहुधा सकाळी उजेड झाल्यावर घालतात, त्यामुळे दोन गोंडे आलटून पालटून वापरणे सोयीचे पडले. नाशिकच्या थंडीत उघड्या गॅलरीतल्या ड्रममधले पाणी पहाटे हात बधिर करते. ते थेट टाकीत ओतू नये. हीटर २६ अंशांवर ठेवला, तेव्हा आठव्या दिवशी पिल्ले बाहेर आली. पांढरी पडलेली अंडी मात्र रोज काढावी लागतात, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढते.

माझा खरा आक्षेप गोंड्यासोबत आलेल्या माहितीपत्रकावर आहे. पिल्लांना पहिल्या दिवसापासून आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला बारीक कोळंबीसारखा जीव) द्यावा, असे त्यात छापले आहे. पृष्ठभागालगत पोहणाऱ्या या पिल्लांचे तोंड इतके लहान असते की आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्लेही त्यांना गिळता येत नाहीत; सुरुवातीला इन्फ्युसोरियाच (पाण्यातले अतिसूक्ष्म जीव) हवा, आणि तो कोबीचे पान घातलेल्या बरणीत आठवडाभर आधीच तयार करून ठेवावा लागतो. पत्रकावर विसंबून मी पहिली खेप जवळजवळ सगळी गमावली. वेगवेगळ्या जातींचे रेनबो एकत्र ठेवून अंडी घेण्याचा सल्लाही त्यात आहे. या जातींचा आपसांत सहज संकर होतो आणि मग पिल्ले नेमकी कोणती, हे सांगता येत नाही.

पाचपैकी दोन तारे. मेन रोडवरून आणलेल्या अॅक्रिलिक लोकरीच्या एका गुंडीतून, वहीभोवती धागा गुंडाळून, एका टोकाला बांधून आणि दुसऱ्या टोकाला कापून मी नंतर पाच गोंडे केले. आता टाकीत तेच तरंगतात.