नाथुलाचे पैसे घेतले, परमिट मात्र छांगूचं

येत्या सुट्टीत सिक्कीमला जायचा बेत असेल तर हे पूर्ण वाचा. थोडं लांबलंय, पण आमच्याकडून कुठे काय सुटलं ते नीट सांगायचं तर लांबणारच.

मे महिन्यात आम्ही चौघं गंगटोकला गेलो होतो. मी, माझा नवरा, कॉलेजात जाणारी लेक आणि माझी काकू. सहल खरं तर काकूसाठीच ठरवली होती. काका सैन्यात होते आणि १९७३ च्या सुमाराला काही महिने नाथुलाच्या बाजूला त्यांची नेमणूक होती. तिथल्या थंडीचं ते इतकं वर्णन करायचे की आम्हा भावंडांना ते पाठ झालं होतं. काका गेले आणि काकू एकदा म्हणाली, "ते म्हणायचे ती जागा बघायची आहे मला." एवढंच. डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या केल्या, त्यांनी हो म्हटल्यावरच तिकिटं काढली.

गंगटोकहून एका दिवसात होणारी ही सहल बहुतेकांना माहीत असेल. सकाळी निघायचं, साधारण ४० किलोमीटरवर ३,७५३ मीटर उंचीवरचा छांगू तलाव बघायचा (कागदोपत्री त्याचं नाव त्सोम्गो), पुढे बाबा हरभजन सिंग मंदिर, आणि परवानगी असेल तर ४,३१० मीटरवर चीनच्या सीमेवरची नाथुला खिंड. हा सगळा भाग संरक्षित आहे. परमिटशिवाय पुढे सोडत नाहीत आणि ते परमिट आपल्याला स्वतः जाऊन काढता येत नाही. नोंदणी केलेल्या एजंटकडे आदल्या दिवशी ओळखपत्राची प्रत आणि फोटो द्यायचे, तो काढून आणतो. म्हणजे मधल्या माणसावर विसंबणं आलंच. आमची फसवणूक झाली ती नेमकी इथे.

हा एजंट मला निघण्याआधी तीन आठवडे फेसबुकवरच्या जाहिरातीतून मिळाला. फोन केला तर पहिलंच वाक्य मराठीत, "ताई, टेन्शन घेऊ नका, महाराष्ट्रातले खूप लोक येतात आपल्याकडे." मोडकंतोडकं मराठी, पण हजारो मैलांवर आपली भाषा कानावर पडली की माणूस सैल होतो. मीही झाले. त्याने सांगितलं की आमच्या चौघांसाठी वेगळी गाडी, चौघांचं परमिट, छांगू, बाबा मंदिर, नाथुला, शिवाय हत्तीच्या आकाराचा कुपुपचा तलाव, आणि काकूंसाठी गाडीत ऑक्सिजनची बाटली. सगळं मिळून ११,००० रुपये, त्यातले निम्मे आधी.

आता मागे वळून बघताना एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. मी मेसेजमध्ये काहीही नेमकं विचारलं की त्याचा लगेच फोन यायचा. गाडी कोणती, परमिट कोण काढणार, नाथुला नक्की ना, याची उत्तरं सगळी तोंडी. लेखी यायचं ते फक्त "फुल पॅकेज ताई" आणि हात जोडलेलं चित्र. एकदाच मी हट्टाने लिहिलं, "मंगळवारी नाथुला धरूनच आहे ना?" त्यावर त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. तो अंगठा आज माझ्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

मंगळवार त्यानेच ठरवला होता. आम्ही मंगळवार-बुधवार दोन्ही मोकळे ठेवले होते आणि कुठलाही चालेल असं त्याला सांगितलंही होतं. तो म्हणाला, बुधवारी फार गर्दी असते, मंगळवारी निवांत होईल.

पैसे पाठवताना यूपीआयवर जे नाव आलं ते ना त्याचं होतं ना त्याच्या कंपनीचं. नवऱ्याने लगेच टोकलं. एजंट म्हणाला, कंपनीच्या खात्याला आज काहीतरी अडचण आहे, हे माझ्या मेहुण्याचं खातं. नवरा थांबूया म्हणत होता. परमिटं संपतील या धास्तीने मीच पाठवून टाकले. उरलेले साडेपाच हजार सोमवारी संध्याकाळी त्याने पाठवलेला मुलगा हॉटेलच्या दारात येऊन रोख घेऊन गेला. पावती मागितली तर "उद्या परमिटसोबत देतो." ओळखपत्रांचे फोटो त्याच्याकडे आधीच गेलेले होते.

मंगळवारी सकाळी छोट्या टॅक्सीने वज्र स्टँडवर पोचलो. मोठ्या गाड्या तिथूनच सुटतात. आम्हाला दाखवली ती सुमो, आणि तिच्यात आधीच सहा जण बसलेले. आम्हाला उरलेल्या चार सीट. काकूला मागच्या आडव्या बाकावर बसायला सांगत होते. मी एजंटला फोन लावला. "ताई, तुमची गाडी रात्री बिघडली, आजच्या दिवस सांभाळून घ्या, फरकाचे पैसे संध्याकाळी परत." एका बंगाली कुटुंबाने काकूला मधली खिडकीची जागा दिली. बाकी स्टँडवर सगळी घाई, मागच्या गाड्या हॉर्न मारताहेत, आणि आपण आलोय हजारो रुपये घालून. आम्ही बसलो. तिथेच उतरून जायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

ऑक्सिजनची बाटली कुठे आहे, असं चालकाला विचारलं. तिशीतला शांत माणूस होता. सगळे त्याला दाजू (नेपाळीत दादा) म्हणत होते, म्हणून आम्हीही. त्याला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. गंगटोक साधारण साडेसोळाशे मीटरवर. तिथून दोन-अडीच तासांत माणूस पावणेचार हजार मीटरवर जातो, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. वयस्कर बाईसाठी बाटली आहे असं तोंडभरून सांगायचं आणि ती ठेवायचीच नाही, हे पैशाच्या फसवणुकीपेक्षा फार वाईट आहे. तिला काही झालं असतं तर?

चेकपोस्टवर गाडी थांबली. दाजू कागदांचा गठ्ठा घेऊन उतरला आणि शिक्का मारून परत आला. मी म्हटलं, दाजू, आमचं परमिट जरा बघू का? त्याने काहीही आढेवेढे न घेता हातात दिलं. साधा छापील कागद, घडीवर मळलेला. गाडीचा नंबर, दहा जणांची नावं, आमची शेवटची चार. माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. आणि जायच्या ठिकाणाच्या रकान्यात दोनच नावं, त्सोम्गो आणि बाबा मंदिर. मी कागद उलटून मागची बाजूही बघितली. कोरी होती. नाथुला नाही, कुपुप नाही.

नेटवर्क जायच्या आत फोन लागला. एजंट क्षणभरही अडखळला नाही. "हो ताई, आर्मीने आज सकाळीच बंद केलं. आपल्या हातात काय आहे?" त्या एका वाक्यावर आम्ही चौघंही गप्प झालो. सैन्याने बंद केलंय म्हटल्यावर आमच्या घरात कोण तक्रार करणार? काकू तर उलट मलाच म्हणाली, "असेल काही कारण. त्यांना त्रास नको देऊ." त्याला आमच्या घराबद्दल सगळं माहीत होतं, मीच सांगितलेलं होतं. अगदी विचार करून त्याने ते कारण निवडलं असणार.

छांगू सुंदर आहे, ते नाकारणार नाही. डोंगराच्या कुशीत साधारण किलोमीटरभर लांब पाणी, काठावर रंगीत झूल घातलेले याक. पण वर चढताना काकूचं डोकं दुखायला लागलं होतं. दाजूने तिला गाडीतच टेकून बसवलं, थर्मासमधलं कोमट पाणी दिलं, "आमा, हळूहळू श्वास घ्या" म्हणत तो दारापाशी उभा राहिला. पंधरा-वीस मिनिटांनी तिला बरं वाटलं. आम्ही खाली जाऊया म्हणत होतो, पण तिने मंदिरापर्यंत चला म्हणून सांगितलं.

मंदिराच्या अलीकडे नाथुलाकडे जाणारा फाटा लागतो. गाडी तिथून पुढे निघाली तेव्हा मी सहज म्हणून विचारलं, दाजू, आज काय झालं, बर्फ पडला का वर? त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "नाही दीदी. सोमवार-मंगळवार नाथुला बंदच असतं टूरिस्टना. नेहमीच. बुधवार ते रविवार चालू. तुम्हाला सांगितलं नाही कोणी?"

गाडीतले दहाच्या दहा जण गप्प झाले. मग कळलं की बाकीच्या सहा जणांना हे आधीपासून माहीत होतं, त्यांनी छांगू आणि मंदिराचेच पैसे दिले होते, आणि त्यांचा माणशी भाव आमच्या निम्म्याहूनही कमी होता. त्या गाडीत मंगळवारी चार सीट रिकाम्या राहत होत्या. त्या भरायला आम्ही सापडलो.

काकूच्या पर्समध्ये काकांचा गणवेशातला छोटा फोटो होता, कडा पिवळ्या पडलेल्या. तिने तो बाहेर काढलाच नाही. दाजूला एवढंच विचारलं की खिंड कुठल्या दिशेला आली. त्याने गाडी कडेला घेतली आणि मागच्या डोंगराकडे बोट केलं. ती काच खाली करून थोडा वेळ तिकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चल बाबा."

गंगटोकला परतेपर्यंत संध्याकाळ झाली. बुधवार अजून हातात होता, म्हणून तडक दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. सगळ्यांनी एकच सांगितलं, कागद आदल्या दिवशी वेळेत जावे लागतात, आता उद्याचं परमिट होणार नाही. गुरुवारी आमचं बागडोगऱ्याहून विमान. एजंटने रात्री एकदा फोन उचलला, "बघतो" म्हणाला आणि नंतर नंबर ब्लॉक केला. त्याच्या कार्डावरच्या पत्त्यावर नवरा जाऊन आला. शटर बंद, पाटी नाही, शेजारच्यांना असं नाव माहीत नाही.

इतर पर्यटकांशी बोलल्यावर कळलं की "आज बंद झालं" ही सबब बऱ्याच जणांना ऐकायला मिळते. अवघड हे आहे की कधीकधी ती खरीही असते. बर्फ, दरड, हवामान यामुळे रस्ता खरंच अचानक बंद होतो आणि त्यात कोणाचा दोष नसतो. म्हणून "बंद झालं तर किती पैसे परत" हे आधीच लिहून घ्या, तोंडी नको. सोम-मंगळचं तर कायमचंच आहे, त्या दिवसांचं नाथुला कोणी विकत असेल तर तिथेच फोन ठेवा. नाथुलाला फक्त भारतीय नागरिकांना सोडतात, त्यामुळे परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक बरोबर असतील तर तेही आधी विचारा. आणि उरलेले पैसे परमिटचा कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय देऊ नका. आदल्या संध्याकाळी त्याचा फोटो मागायचा, त्यात तारीख, आपली नावं, गाडीचा नंबर आणि ठिकाणांची नावं एकेक करून वाचायची. मी ते चेकपोस्टवर वाचलं, तेव्हा काही उपयोग नव्हता. ओळखपत्राच्या प्रतीवर "फक्त परमिटसाठी" असं तारखेसकट आडवं लिहून मगच फोटो पाठवा. आमच्या ओळखपत्रांचे कोरे फोटो आजही त्या माणसाच्या फोनमध्ये आहेत आणि त्याचा घोर मला अजून आहे. घरात वयस्कर माणूस असेल तर ऑक्सिजनची सोय आपली आपण करा, कोणाच्या शब्दावर राहू नका.

दाजूला मी निघताना पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. त्याला एजंटकडून त्या चार सीटचे ठरलेले पैसे मिळाले होते, त्यापलीकडे या प्रकाराशी त्याचा संबंध नव्हता. रागाच्या भरात चालकावर ओरडणारे खूप लोक बघितले त्या स्टँडवर. कृपया तसं करू नका.

घरी आल्यावर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे जितक्या लवकर फोन कराल तितकी खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त, आणि आम्ही चार दिवस घालवले होते. मग १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, गंगटोकला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. हे मला आधी माहीत नव्हतं.

तक्रारीचे कागद गेल्या आठवड्यात तयार केले. यूपीआयचा तपशील, त्याच्या मेहुण्याचं म्हणून सांगितलेलं ते नाव, परमिटचा मी चेकपोस्टवर काढलेला फोटो आणि मेसेजची छापलेली पानं. तिसऱ्या पानावर माझा प्रश्न आहे, मंगळवारी नाथुला धरूनच आहे ना, आणि त्याखाली तो अंगठा. काळ्या-पांढऱ्या छपाईत तो इतका पुसट आला होता की मी दुकानात परत जाऊन ते एक पान रंगीत छापून आणलं.