पगार जुन्यात, हिशेब नव्यात: ईसीसी आणि एस-फोर हाना

कंपन्यांचे पगार आणि हिशेब सांभाळणाऱ्या सॅपच्या जुन्या सॉफ्टवेअर प्रणालीची, म्हणजे ईसीसीची, खरी ताकद पगारपत्रकात दिसते. महाराष्ट्रात बहुतेकांचा व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये, पण फेब्रुवारीत ३००. भविष्यनिर्वाह निधी, थकबाकी, मागील महिन्यांचा फेरहिशेब, असे सगळे नियम तिच्यात वर्षानुवर्षं मुरलेले असतात. ते नव्याने बसवताना एक चूक झाली तरी कात्री कामगाराच्या पगाराला लागते. म्हणून पेरोल घाईने हलवू नये, असं माझं ठाम मत आहे.

हिशेबात मात्र २०१५ साली आलेली सॅपचीच नवी प्रणाली, एस-फोर हाना, सरस. ईसीसीत वित्त आणि खर्च यांच्या नोंदी वेगवेगळ्या तक्त्यांत, महिनाअखेरीस जुळवत बसायच्या. एस-फोर हानात दोन्ही एकाच रोजकीर्दीत. शिवाय ईसीसीच्या अलीकडच्या आवृत्त्यांचीही मुख्य देखभाल २०२७ अखेर थांबते. जादा पैसे मोजले तर २०३०पर्यंत.